दुकानासमोरचे सात फूट

मागच्या श्रावणात माझी आजी पडली. न्हाणीघरात नाही, जिन्यावर नाही, आमच्याच दुकानासमोर पडली.

बाबांचं मॅचिंग सेंटर आहे. पुण्याच्या एका जुन्या उपनगरात दहा बाय बारा फुटांचा भाड्याचा गाळा. ब्लाउज पीस, अस्तर, परकर, फॉल, लेस, हुक, बटणं. साडीचा पदर हातावर घेऊन बाबा नुसत्या नजरेने सांगतात, "ताई, हा रंग आमसुली नाही, वांगी आहे." २२ वर्षं ते हेच करत आहेत. आमचं घर तिथून पाच मिनिटांवर आणि बसस्टॉप दुकानाच्या पुढे शंभरेक पावलांवर.

आजी ७४ वर्षांची आहे. दर मंगळवारी दुपारी ती बसने तीन स्टॉप पलीकडच्या विठ्ठल मंदिरात भजनाला जायची. पिशवीत टाळ, पाकिटात पास आणि मैत्रिणींसाठी डब्यात काहीतरी. आठवड्यातले तीन तास फक्त तिचे.

त्या मंगळवारी दुकानासमोरच्या फूटपाथवर दोन स्कूटर आडव्या लावलेल्या होत्या. त्यांना लागून आमचा लोखंडी स्टँड, त्यावर रंगीत परकर लटकवलेले. जायला जागा नाही म्हणून आजी खाली रस्त्यावर उतरली. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. घाईघाईत ती पुन्हा फूटपाथवर चढायला गेली. कड उंच होती, पाय अडखळला आणि ती हातावर पडली. उजवं मनगट मोडलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कशा पडलात हो?" आजी सांगायची, "पाय घसरला." स्कूटरचं नाव तिने काढलं नाही आणि स्टँडचं तर नाहीच. आम्हीही काढलं नाही. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी स्टँड पुन्हा त्याच जागी होता. श्रावण म्हणजे मंगळागौरीची गिऱ्हाइकं. परकर बाहेर दिसले नाहीत तर लोक दुकानात शिरत नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात बरा झाला. पण मंगळवार आला की आजी म्हणायची, "आज नको, पुढच्या वेळी बघू." असे चार मंगळवार गेले. टाळ पिशवीतच राहिले. पडल्यामुळे हाड मोडलं ते जुळलं, पण तिचं बाहेरचं जग दुकानापाशी येऊन थांबलं.

शाश्वत म्हणजे काय गं?

मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि आता घरूनच वेगवेगळ्या कंपन्यांसाठी लेख लिहिते. कधी केसांच्या तेलावर, कधी गृहकर्जावर. योगायोग असा की त्याच दिवसांत माझ्याकडे 'सस्टेनेबल सिटी' या विषयावरचं काम आलं होतं.

आजी शेजारी बसून मला विचारत होती, "काय लिहितेस एवढं?"

"शाश्वत शहरांबद्दल."

"शाश्वत तर एक पांडुरंग. शहर कसलं शाश्वत?"

मी जरा विचार करून म्हटलं, "म्हणजे असं शहर, जे तुझ्या नातवंडांच्या नातवंडांनाही राहण्यासारखं असेल. हवा चांगली, पाणी पुरेसं, झाडं, बस..."

आजी म्हणाली, "त्यांचं त्यांना मिळेल. मला आधी बसस्टॉपपर्यंत जाता येऊ दे."

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. स्क्रीनवर मी लिहिलेली छान छान वाक्यं होती. भारताच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा उल्लेख होता. रस्त्यावरच्या जागेचा विचार गाड्यांच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने करायचा, हे तेव्हाच त्यात मान्य केलं होतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती, हा आकडाही होता. हे सगळं मी आरामात टाइप केलं होतं. मात्र त्या यादीत माझी आजी कुठे बसते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती वाचली, म्हणून ती कुठल्याच मोठ्या आकड्यात नव्हती.

लेख वेळेत दिला, पैसेही मिळाले. आजी मात्र घरातच होती.

एक नकाशा, दोन गट

नवरात्रात आमच्या रस्त्याच्या नूतनीकरणाची चर्चा सुरू झाली. व्हॉट्सअॅपवर एक नकाशा फिरू लागला. दोन्ही बाजूंचा फूटपाथ सात फुटांचा दहा फूट करायचा, त्याची उंची कमी करायची, दुकानांसमोरच्या गाड्या काढून मागच्या गल्लीत पार्किंग करायचं आणि रस्त्यावरचे तीन कडुनिंब आहेत तिथेच ठेवून त्यांच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची. लोकांची मतं ऐकण्यासाठी दिवाळीनंतर शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांचा उलटा प्रस्ताव तयार झाला. फूटपाथ चार फुटांचा करा, उरलेल्या जागेत गाड्या लावायची सोय करा आणि मध्ये येणारे कडुनिंब परवानगी घेऊन काढा. महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, म्हणून तो 'परवानगी घेऊन' शब्द. त्या निवेदनावर दुसरी सही बाबांची होती.

रात्री जेवताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही सही केलीत?"

"केली."

"आजी तिथेच पडली ना?"

त्यांनी ताटातली पोळी बाजूला ठेवली. "लॉकडाउनमध्ये शटर किती महिने बंद होतं, आठवतं का? भाडं थांबलं होतं का? आता निम्म्या बायका ऑनलाइन मागवतात. त्यात रस्ता खोदला की सहा महिने धूळ, खड्डा आणि पत्रे. वर गाडी लावायला जागा नाही म्हटल्यावर कोण येणार? तुझा लेख वाचून भाडं माफ होतं का, ते सांग."

आई म्हणाली, "जेवताना नको." विषय तिथेच थांबला.

मला राग आला होता, पण बाबा खोटं बोलत नव्हते हेही कळत होतं. गावाच्या, देशाच्या, पृथ्वीच्या भल्याचं बोलणं सोपं असतं. त्या भल्याची किंमत आपल्याच घरातल्या कोणाच्या गल्ल्यातून जाणार असेल तर जीभ अडखळते.

इंदूरच्या मावशीला फोनवर सांगितलं तर ती हसली. "अगं, आमच्याकडेही हेच. २०१३ मध्ये बीआरटीएस आली तेव्हा कारवाले चिडले होते, २०२५ मध्ये ती काढायचं ठरलं तेव्हा रोज बसने जाणाऱ्या आम्ही चिडलो. आमच्या किटी पार्टीत साडीपेक्षा जास्त भांडण त्यावरून झालं." पुण्याचंही काही वेगळं नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, तेव्हा देशभरातून लोक बघायला येत होते. पुढे काही मार्ग वाढले आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरची मार्गिका उखडायला सुरुवात झाली. सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात २०१८ साली नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि माणसं साधारण ३५ लाख, अशी बातमी आली होती. तेव्हा आम्ही कॉलेजात त्यावर हसलो होतो. हसणाऱ्यांतल्या निम्म्या जणी स्कूटीवरून यायच्या, मीसुद्धा.

वही, टेप आणि जपमाळ

बाबांशी वाद घालून काही होणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांना हिशेब समजतो. मग मी हिशेबच करायचं ठरवलं.

आधी मी त्यांना सहज विचारलं, "आपल्याकडे गाडीवरून किती गिऱ्हाइकं येतात?"

"निम्म्याहून जास्त," ते लगेच म्हणाले. "आणि दिवसाला सात-आठ तरी कारवाली."

शनिवारी संध्याकाळी चार ते नऊ मी दुकानात वही घेऊन बसले. आजीलाही हात धरून आणलं. तिला म्हटलं, "तू फक्त चालत येणारी मोज, बाकीचे मी लिहिते." तिने पिशवीतून जपमाळ काढली. एक बाई चालत आत आली की एक मणी पुढे. बाबा तिरक्या नजरेने बघत होते, पण बोलले नाहीत.

नऊ वाजता बेरीज केली. ५८ गिऱ्हाइकं. त्यातली ३७ पायी, त्यांत बसमधून उतरून आलेल्या बऱ्याच. दुचाकीवरून १७, रिक्षाने ३, कारने १.

"शनिवार होता म्हणून," बाबा म्हणाले. सोमवारी पुन्हा मोजलं. गिऱ्हाइकं कमी होती, पण चालत येणारी तशीच जास्त. कार त्या दिवशी एकही नव्हती.

मग समोर उभ्या असलेल्या गाड्या कोणाच्या? तेही दोन दिवस नंबर लिहून बघितलं. गिऱ्हाइकाची स्कूटर दहा-पंधरा मिनिटं थांबायची. सकाळी साडेनऊपासून रात्री नऊपर्यंत न हलणाऱ्या गाड्या वेगळ्याच होत्या. एक मेडिकलवाल्या काकांची, दोन मोबाइलच्या दुकानातल्या मुलांच्या, एक झेरॉक्सवाल्या दादांची. आणि दारासमोरची सगळ्यात सोयीची जागा अडवून बसलेली करड्या रंगाची स्कूटर आमच्या बाबांची.

हे मी वहीत लिहिलं, मोठ्याने वाचलं नाही.

टेपने फूटपाथही मोजला. कागदावर सात फूट. त्यातून विजेची पेटी, आडव्या स्कूटर आणि आमचा स्टँड वजा केला की चालायला उरत होते १४ इंच. मी त्यातून तिरकी होऊन गेले. टाळांची पिशवी घेतलेली आजी जाऊ शकत नव्हती. फूटपाथची कड रस्त्यापासून ११ इंच. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत बाजाराच्या भागात चालायला मोकळी जागा किमान अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट सांगितली आहे. फूटपाथची उंची १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. सहा इंच म्हणजे घरातल्या जिन्याच्या पायरीएवढं. आजी जिना रोज चढते. ११ इंचांवर तिचा पाय अडखळला, यात नवल काही नव्हतं.

सगळ्यात शेवटी एक हिशेब केला, तो मात्र मी बाबांसमोर ठेवला. एक कार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा धरतात. म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. आमचा गाळा १२० चौरस फुटांचा.

बाबांनी तो आकडा दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. "म्हणजे माझ्या दुकानापेक्षा कारची जागा मोठी?"

"हो."

"आणि मी भाडं भरतो."

"हो."

"आणि ती फुकट."

मी काही बोलले नाही. त्यांनी वही मिटून परत दिली. सही मागे घेतो, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

सभेत

दिवाळीनंतरची ती सभा मला वाटली होती तशी झाली नाही. मला वाटलं होतं, एका बाजूला चालणारे आणि दुसऱ्या बाजूला गाडीवाले असतील. प्रत्यक्षात हॉलमध्ये निदान सहा बाजू होत्या.

बाबा बोलले. घरी बोलले तेच, पण शांतपणे. खोदकामाच्या महिन्यांत छोट्या दुकानदाराने जगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या रास्त होत्या. एका तरुणाने सांगितलं की त्याचे वडील व्हीलचेअरवर आहेत, त्यांना घेऊन तो रिक्षाशिवाय कोपऱ्यापर्यंतही जाऊ शकत नाही. एक काकू म्हणाल्या, "झाडं तोडा म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता या रस्त्यावरून चालून दाखवावं. कडुनिंबाखालून गेलं की पोळणारे पाय जरा शांत होतात."

मग गजरे विकणाऱ्या मावशी उठल्या. त्या आमच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बसतात. म्हणाल्या, "फूटपाथ मोठा करा, आमचं काही म्हणणं नाही. पण रस्ता चांगला झाला की पहिल्यांदा आम्हालाच उठवतात. नकाशात आम्ही कुठे आहोत ते दाखवा." हॉल गप्प झाला. सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. त्या कुठेच नव्हत्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रीची जागा ठरवणाऱ्या समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधले असायला हवेत. हे मी माझ्या लेखासाठी वाचलं होतं, पण लेखात घातलं नव्हतं. शब्दमर्यादा संपली होती.

शेवटी मी उभी राहिले. हात थरथरत होते. मी फक्त वही वाचली. ५८ गिऱ्हाइकं, ३७ पायी. १४ इंच. ११ इंच. १३५ चौरस फूट. मग म्हटलं, "दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक आपल्या दुकानदारांच्याच आहेत. त्यात आमचीही आहे." आणि मग, न ठरवता, माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आजी तिथे पडली. तिथे आमचा स्टँड होता."

बाबा पुढच्या रांगेत होते. ते मागे वळले नाहीत.

घरी येताना आम्ही दोघं एकाच फूटपाथवरून, एकामागे एक चालत आलो. शेजारी-शेजारी चालायला जागाच नव्हती. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. चारचौघांत त्यांना उघडं पाडलं, असं मला वाटत होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "खरं बोललीस. पण आधी त्यांच्याशी बोलायला हवं होतंस." तिचंही बरोबर होतं. घरातली गोष्ट मी सभेत सांगितली, कारण घरात सांगायची हिंमत झाली नव्हती.

सभेचा निर्णय मधला झाला. लगेच खोदकाम नाही. आधी तीन महिने एका बाजूला रंगाचे पट्टे आणि खांब लावून फूटपाथ तात्पुरता रुंद करून बघायचा. कडुनिंब राहणार. गजरेवाल्या मावशींची आणि इतर दोघांची जागा आखून द्यायची. मग पुन्हा सभा घ्यायची.

लक्ष्मी रोडवरची दुपार

११ डिसेंबरला बाबांना रविवार पेठेतून माल आणायचा होता. मी म्हटलं, "मीही येते." येताना त्यांना मुद्दाम लक्ष्मी रोडने आणलं. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक या भागात गाड्या बंद असतात. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या या रस्त्यावर एरवी दोन माणसांना थांबून बोलता येत नाही. त्या दिवशी मुलं डांबरावर खडूने चित्रं काढत होती आणि दोन आज्या चक्क रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून बसल्या होत्या.

बाबा एका ओळखीच्या दुकानदाराशी बोलले. तो म्हणाला, "गर्दी आहे, पण खरेदी करणारे किती आणि फिरायला आलेले किती, ते रात्री गल्ला मोजल्यावर कळेल." बाबा हसले. ही भाषा त्यांची होती.

पुढे चालताना ते अचानक थांबले आणि म्हणाले, "एक बघितलंस का?"

"काय?"

"माणसांच्या माना वर आहेत. रोज लोक इथून खाली बघत चालतात. खड्डा, गाडी, कुणाचा धक्का. आज सगळे दुकानांकडे बघतायत."

२२ वर्षं गिऱ्हाइकाची नजर वाचणाऱ्या माणसाला हे दिसलं. माझ्या एकाही लेखात ते नव्हतं.

घरी गेल्यावर मी दिल्लीच्या चांदनी चौकाचे फोटो दाखवले. तिथे २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आहे. चेन्नईचा पाँडी बाजार दाखवला. साड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या भागात २०१९ मध्ये रुंद पादचारी मार्ग झाला. गंगटोकचा महात्मा गांधी मार्ग तर कित्येक वर्षं वाहनमुक्त आहे. बाबांनी चेन्नईचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, "परकर बाहेर कुठे लावतात हे लोक?"

मी म्हटलं, "काचेच्या आत."

आता

जानेवारीत पट्टे आखले गेले. पहिल्याच आठवड्यात दोन खांब गाडीच्या धक्क्याने वाकले. लोक पट्ट्यांवर गाड्या लावत, दुसरे लोक त्यांच्याशी भांडत. अजूनही असं अधूनमधून होतं.

बाबांनी स्वतःची स्कूटर मागच्या गल्लीत न्यायला सुरुवात केली. कोणाला काही न सांगता. आठवड्याने मेडिकलवाल्या काकांनीही नेली. स्टँड आत घेतला आणि दाराच्या काचेमागे परकर लावले. काचेवर ऊन पडलं की रंग उडतात, म्हणून ते दर दोन दिवसांनी बदलावे लागतात. बाबा रोज त्याबद्दल कुरकुर करतात.

धंद्याचं खरं सांगायचं तर वाढला नाही आणि बुडालाही नाही. कारमधून येणारी एक जुनी बाई मात्र यायची थांबली. "तुमच्याकडे आता थांबायला जागा नसते," असं तिने फोनवर सांगितलं. लग्नसराईत ती एका वेळी चार-पाच हजारांची खरेदी करायची. बाबा तिचं नाव अजून काढतात आणि तेव्हा मी गप्प बसते. कोणाचंच नुकसान न होता शहर बदलतं, असं मी आता लिहीत नाही.

आजी लगेच बाहेर पडली नाही. पट्टे आखल्यावरही महिनाभर ती दुकानापर्यंतच यायची. स्टुलावर बसून गजरेवाल्या मावशींशी गप्पा मारायची आणि परत जायची. मी आग्रह केला नाही. भीती जायला वेळ लागतो आणि तो ज्याचा त्यालाच माहीत असतो.

गुढीपाडव्यानंतरचा मंगळवार होता. कडुनिंब फुलला होता आणि फूटपाथवर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा होता. मी दुकानात डबा द्यायला गेले होते, तेवढ्यात आजी घराकडून येताना दिसली. हातात टाळांची पिशवी. माझ्याकडे बघून थांबली नाही. कडुनिंबापाशी क्षणभर बुंध्यावर हात टेकला, श्वास घेतला आणि पुढे गेली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. दोघी एकमेकींना धक्का न लागता गेल्या. एवढंच घडलं.

बाबा एका गिऱ्हाइकाला फॉल मोजून देत होते. मीटरपट्टी हातात धरून ते बस येईपर्यंत बाहेर बघत राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो काका, मोजताय ना?" तेव्हा ते भानावर आले आणि त्यांनी पहिल्यापासून मोजायला घेतलं.

पुढची सभा याच महिन्यात आहे. पट्टे पक्के करायचे की पुसायचे, ते तिथे ठरेल. दोन्हीकडून सह्या गोळा होत आहेत. बाबांनी या वेळी अजून कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "आधी मोजू. उन्हाळ्याचे आकडे वेगळे येतील." शनिवारी वही मी घेणार आहे आणि जपमाळ आजीकडे आहे.

तुमच्या रस्त्याबद्दलही कधी ना कधी अशी चर्चा होईल. कदाचित सुरूही असेल. मोठ्या शब्दांची धास्ती घेऊ नका. घरातली टेप आणि एक वही पुरते. दारासमोरून कोण चालत जातं, कोण जाऊ शकत नाही आणि वाटेत कोणाचं सामान आहे, हे एक संध्याकाळ मोजून बघा. सामान आपलंच निघालं, तर सभेत सांगण्याआधी घरात सांगा. मला ते जमलं नव्हतं.